विंडोजमध्ये करंट नव्हता

अमरावती-अकोल्याकडे सल्ला मागावा लागत नाही. कॉम्प्युटरचं झाकण काढून ओसरीवर बसलात की पुरे. दुधाचा हिशेब करायला आलेले दूधवाले भाऊ, वरच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी, भाचा आणि भाच्याचा मित्र, सगळे उभ्याउभ्या निदान करून जातात. "रॅम गेली असन." "व्होल्टेज नसन येत बाप्पा." "फॉरमॅट मारून टाका न, कायले डोकं लावता!" माउसची वायर तुटलेली असतानाही फॉरमॅट सुचवणारे लोक मी पाहिले आहेत. पण त्या यंत्रावर लिनक्स आहे एवढं कळलं की निदानाचीही गरज उरत नाही. "हाव का? मंग बरोबर हाय."

घरात नवी सून आली आणि त्याच आठवड्यात म्हैस आटली, सासऱ्यांचा गुडघा धरला, नळाला पाणी आलं नाही, तर दोष कोणाचा हे कोणी विचारत बसत नाही. लिनक्स वऱ्हाडात असंच नांदतं आहे.

या सुना अलीकडे बऱ्याच घरांत आल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला निरोप दिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडच्या शिकवणी वर्गांत, कृषी केंद्रांत आणि पत्रिका छापणाऱ्या दुकानांत चौथ्या पिढीची यंत्रं अजून सुखाने चालू आहेत. ती भंगारात द्यायची कोणाची छाती होत नाही, आणि का व्हावी? अमरावती आणि अकोल्याच्या मधे मूर्तिजापूर लागतं. तिथून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी आमची शकुंतला मँचेस्टरला १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावली. त्या मुलखात दहा वर्षांच्या कॉम्प्युटरला म्हातारा म्हणायला जीभ रेटत नाही. मग कोणीतरी पेनड्राइव्हवर लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू घेऊन येतं, तासाभरात ते टाकून होतं, चहा होतो. तक्रारी दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात.

सगळ्यांत नामी तक्रार अमरावतीत ऐकली. एका काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर थंडीच्या दिवसांत मिंट टाकून दिलं होतं. एप्रिल उलटला आणि काकांचा फोन आला, "सर, तुमचं लिनक्स करंट मारून रायलं." म्हटलं, काका, लिनक्स करंट कसं मारेल? "ते तुम्हाले माहीत. विंडोजमध्ये करंट नव्हता."

आता यात लिनक्सचा काय संबंध? एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पोटात विजेचा गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर बसवलेले असतात. ते किंचितशी वीज कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग ठीक असलं की ती मुकाट्याने जमिनीत जाते. अर्थिंग सुटलं की पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. प्रवाह किरकोळ असतो, पण अनवाणी पायाने फरशीवर उभं राहून हात लावला तर झिणझिण्या येतातच. आणि अर्थिंग सुटतं ते नेमकं उन्हाळ्यात. वऱ्हाडची काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती काही वेगळ्या जातीची नसते. ती वाळून सळईपासून सुटली की घरातल्या तीन पिनांपैकी तिसरी पिन शोभेपुरती उरते. काकांच्या घरामागे तुळशीजवळ तो खड्डा होता. त्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. थोड्या वेळाने काकांनी कॅबिनेटला आधी एका बोटाने, मग सबंध तळव्याने हात लावून पाहिला. झिणझिण्या गेल्या होत्या. काका कौतुकाने म्हणाले, "म्हणजे लिनक्सले पाणी लागते होय?"

(झिणझिण्यांऐवजी चांगला दणका बसत असेल तर बादली राहू द्या, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.)

अकोल्याची तक्रार वेगळ्या वाणाची. एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेबाचा कॉम्प्युटर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडायचा. लिनक्स टाकून महिना झाला होता, त्यामुळे आरोपपत्र तयारच होतं. टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' एवढा एक शब्द टाकला की प्रोसेसरचं तापमान दिसतं. त्याआधी एलएम-सेन्सर्स हे पॅकेज तेवढं टाकून घ्यावं लागतं. आकडा ९७ होता. शंभराच्या आसपास गेला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर जीव वाचवायला यंत्र बंद होतं. झाकण काढलं. वरचा पंखा चार स्क्रू सैल करून उचलला, तर त्याच्या आणि हीटसिंकच्या मधे करडी गादी जमलेली. बोटभर जाड, कापसाच्या तंतूंची. चिमटीत धरून उचलली तर अख्खी निघाली, चौकोनी, हीटसिंकच्या मापाची. मुनीमजींनी ती हातात घेतली, एक पुंजका सोडवून दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, उजेडात पाहिला आणि म्हणाले, "धागा आखूड हाय."

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने तो गरगर फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावताना ती तुरीच्या दाण्याएवढी पुरते. पुरणपोळीवर तूप ओतावं तशी ओतणारे हौशी लोक आहेत, त्यांना जपा. एवढं करूनही मे महिन्यात खोलीच ४३ अंशांवर असेल तर पंखा त्याच हवेने वारा घालणार. मग माणसं कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवतात. असं करू नका. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा माणसाला गोड लागते. मदरबोर्डवरच्या धुळीला ती चिकटपणा देते आणि बारीक पिनांवर गंज आणते. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर असतील तर कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं आणि पडदा डोळा मारतो. तेव्हाही नाव सुनेचंच निघतं.

घड्याळाचं भांडण मात्र खरोखर दोन घरांच्या रीतींचं आहे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. संध्याकाळी सहाला ते दुपारचे साडेबारा दाखवतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज तिथे लिहिलेली वेळच अकोल्याची समजतं. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' हा हुकूम दिला की लिनक्स नमतं घेतं. दुसरी गोष्ट, घड्याळ रोज सकाळी मागच्या कुठल्यातरी सालात जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. जुन्या लिनक्सवर अशा वेळी डिस्क तपासणारा प्रोग्राम तक्रार करायचा, की ही डिस्क शेवटची भविष्यकाळात जोडली गेली होती. इतकी तत्त्वज्ञ तक्रार मी दुसऱ्या कुठल्या यंत्राकडून ऐकलेली नाही.

फॉन्टचाही असाच बोभाटा. पत्रिकेची जुनी फाइल लिनक्सवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही चिवडाच दिसेल. उलट युनिकोड मराठीसाठी लिनक्सवर लोहित फॉन्ट २००४ पासून फुकट आहे, आणि इनस्क्रिप्टचा कळफलकही सोबत येतो. त्यात ऱ हे अक्षर शिफ्ट-जेवर आहे. ही कळ ठाऊक नसल्यामुळे किती दुकानदारांनी पाट्यांवर 'वर्हाड' लिहून ठेवलं आहे, ते गल्लीत फिरून पाहा.

सून निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. स्वस्त लेझर प्रिंटर, काही वायफायच्या चिपा आणि अंगठा घेणारी यंत्रं यांच्याशी लिनक्सचं आजही नीट जमत नाही, कारण ती बनवणाऱ्यांनी सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच लिहिलं. डिजिटल सह्या आणि अंगठ्यांवर ज्यांचं दुकान चालतं त्यांनी लिनक्सचा हट्ट धरू नये. धरायला लावणारे मित्र पोट भरायला येत नाहीत. घरच्या माणसाने प्रिंटर विकत घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का हे विचारावं. वायफाय दिसत नसेल तर घाबरू नये. फोन यूएसबी केबलने जोडायचा, फोनमधलं यूएसबी टेदरिंग चालू करायचं, नेट येतं, आणि मग हवा तो ड्रायव्हर उतरवून घेता येतो. केबल मात्र डेटाची हवी. पानठेल्यावर मिळणाऱ्या काही केबलींत नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, आणि त्यापायी अख्खी दुपार जाते.

आमचा मानाचा क्षण एकच, झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह. प्रोजेक्ट जमा करायची शेवटची तारीख, आणि पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डरं जाऊन त्यांच्या जागी शॉर्टकट बसलेले. पोट्टं रडकुंडीला येतं. तो पेनड्राइव्ह लिनक्सला लावला की व्हायरसने लपवलेली फोल्डरं बहुतेक वेळा जशीच्या तशी दिसतात, आणि व्हायरस तिथे चालतच नाही. "काका, हे कसं केलं बे?" इतका प्रामाणिक आदर आमच्या वाट्याला एरवी येत नाही. पुढच्या आठवड्यात तेच पोट्टं विचारतं, "काका, तुमच्या लिनक्सवर गेम काहून नाई चालत?"

माझं मत आता पक्कं झालं आहे. वऱ्हाडात लिनक्सच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी धूळ, ऊन, अर्थिंग आणि संपलेला सेल यांच्या असतात. उरलेल्यांतही लिनक्स गप्प बसत नाही. काय बिघडलं, कितीला बिघडलं, कुठल्या यूएसबीत बिघडलं, हे सगळं ते 'डीमेसेज' आणि 'जर्नलसीटीएल'मध्ये लिहून ठेवतं. वाचायची तेवढी तयारी हवी.

म्हणून वाचकांना एक विनंती. मदतीसाठी फोन कराल तेव्हा "काहीतरी इंग्रजीत येऊन रायलं" एवढंच सांगू नका. पडद्याचा फोटो काढा, शेवटच्या चार ओळी स्पष्ट दिसतील असा, आणि तो आधी पाठवा. आणि सीआर २०३२ चा एक सेल आणून ठेवा, घड्याळजीकडे मिळतो.