बिनलोखंडी जगाचा डीएम

भिलाईत माणूस ओळखायचा तो सेक्टरवरून आणि प्लांटातल्या शॉपवरून. ‘सेक्टर सहा, कोक ओव्हन’ एवढं म्हटलं की निम्मी पत्रिका जुळली. अलीकडे मात्र या पत्रिकेत न बसणारी एक जात गावात निघालीय. वय पंचविशी-तिशीचं. बंगलोरच्या कंपनीचं काम घरून करायचं, वडिलांच्या लीजच्या क्वार्टरात राहायचं आणि रविवारी दुपारी व्हरांड्यात चार-पाच जणांना बसवून त्यांच्यासाठी एक अख्खं जग चालवायचं. याला डीएम म्हणतात. आईने हळदीकुंकवाला ‘आमचा डीएम आहे’ म्हटल्यावर दोघीतिघी मनातल्या मनात एवढ्या लहान वयात डीजीएम होण्याचा हिशेब करतात आणि एखादी भाचीचा विषय काढते.

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि डीएम म्हणजे त्यातला डंजन मास्टर. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि राक्षस मेला की आपण, हे डीएमने सांगायचं. सोंगांच्या प्रकारांना क्लास म्हणतात. सुरुवातीला तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. चोर पुढच्याच वर्षी आला. त्याला कुठेही फार थांबावं लागत नाही. पण पुस्तकात आहे तसं खेळवील तर तो डीएम कसला! या गृहस्थाचं जग अश्मयुगातलं आहे. किल्ले नाहीत, तलवारी नाहीत, कुलपं नाहीत, लोखंडाचा तर कणही नाही. आणि हे जग कुठे मांडलंय, तर जिथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं त्या गावात.

लढवय्याचं त्याने पाच मिनिटांत उरकलं. तलवार काढून घेतली, गोफण आणि गारगोटीच्या पात्याचा भाला दिला. जादूगारावर मात्र महिना गेला. मूळ नियमाप्रमाणे जादूगाराने रोज सकाळी मंत्रांची पोथी वाचून दिवसभराचे मंत्र तयार करायचे. पण लिपीच नाही तर पोथी कुठली? मग मंत्र गुहेच्या भिंतीवर चितारायचे असं ठरलं. हरीण काढलं की वेगाचा मंत्र, हाताचा ठसा म्हणजे ढाल. आता पोथी काखेत मारता येते, भिंत नेता येत नाही. त्यामुळे या जादूगाराला रोज सकाळी गुहेत हजेरी लावावी लागते आणि लांबच्या शिकारीला तो कायम रजेवर असतो.

चोराची अडचण त्याहून मूलभूत होती. खिसे नाहीत, तिजोऱ्या नाहीत, चोरायचं काय? इथे डीएमची प्रतिभा दिसते. पचमढीकडच्या शैलचित्रांत मध काढणारी माणसं आहेत, हे त्याला पाठ. चढायचं, चाहूल लागू द्यायची नाही, दुसऱ्याचा माल उचलायचा आणि पळायचं : चोराचे सगळे गुण मध काढणाऱ्यात जसेच्या तसे. पॅलादिन हा शपथेला बांधलेला धर्मवीर. त्याचं चिलखत गेलं, घोडा गेला (पाळीवच नाही), राजाही गेला. उरले फक्त नियम. म्हणून त्याला टोळीचा सेफ्टी ऑफिसर केला. शिकारीला निघालेल्यांना अडवून तो प्रत्येकाच्या भाल्याची वादी ओढून बघतो. निम्मी शिकार तेवढ्यात पळून जाते. राहिला बार्बेरियन. जिथे सगळेच रानटी, तिथे त्याला वेगळं काय द्यायचं? त्याला विस्तव सांभाळायला दिला. ज्याच्या ताब्यात भट्टी त्याचा संताप सगळ्यांनी गिळायचा, हे भिलाईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

प्लॅस्टिकचा फासा बाद. त्याऐवजी पाच चिंचोके फोडून, फरशीवर घासून, स्टीलच्या वाटीत ठेवलेले. (वाटी चालते. वाटीबद्दल विचारायचं नाही.) खेळणाऱ्यांत आयआयटीच्या क्लासला जाणारा एक बारावीतला पोरगा आहे. तो म्हणाला, ‘‘दादा, वीसच्या फाशावर सर्वांत मोठं दान वीसात एकदा येतं. हे पाचही पांढरे पडायचे बत्तीसात एकदा. त्यातून तुमचे चिंचोके एका बाजूला जड.’’ डीएमने शांतपणे सांगितलं, ‘‘अश्मयुगात जगणं कठीणच होतं.’’

त्याच्यासमोर तोंड सांभाळून बोलावं लागतं. लढवय्या म्हणाला, मी शेकोटीवर मक्याचं कणीस भाजतो. ‘‘मका अमेरिकेतून आला.’’ बरं, बटाटा. ‘‘तोही तिकडचाच.’’ मिरची? ‘‘पोर्तुगीजांनी आणली.’’ हे बोलताना त्याच्या स्वतःच्या हातात बटाटेवडा असतो आणि वर तळलेली मिरची. पोरांनी सचिनचं नाव घ्यावं तसं तो वाकणकरांचं घेतो. १९५७ साली, इकडे भिलाईचा कारखाना उभा राहत असताना, तिकडे विष्णू श्रीधर वाकणकरांनी रेल्वेच्या खिडकीतून भीमबेटकाचे खडक हेरले, हे तो दर रविवारी कुणाला तरी सांगतोच. एकदाच तो खरा चिडला. कुणी तरी म्हणालं, पोशाखाला बस्तरचे फोटो बघू या. खेळ तिथेच थांबला. ‘‘ती आजची माणसं आहेत, तुझ्यामाझ्यासारखी. आणि आपला प्लांट यायच्या कितीतरी आधी इथले अगरिया लोक मातीच्या भट्टीत लोखंड गाळत होते.’’ विक्षिप्त माणसाचं डोकं अशा वेळी आपल्यापेक्षा बरंच ठिकाणावर असतं.

वडील झोतभट्टीवरून रिटायर झालेले. इतके दिवस ते आत पेपर वाचत हे सगळं ऐकून घेत होते. एका रविवारी खुर्ची ओढून बाहेर आले.

‘‘हा जादूगार भिंत कशानं रंगवून राहिला रे?’’

‘‘गेरूनं, बाबा.’’

‘‘गेरू म्हणजे हेमेटाइटच ना? आपल्या राजहराला निघते तेच?’’

डीएम गप्प. बालोद जिल्ह्यात चितवा डोंगरीची शैलचित्रं आहेत आणि प्लांटाला लोहखनिज पुरवणारी राजहराची खाणही त्याच जिल्ह्यात आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या बिनलोखंडी जगाच्या भिंतीभिंतीवर लोखंडच फासलेलं आहे, हे आजवर कुणी बोललं नव्हतं.

‘‘कोळसा आहे, विस्तव आहे, कातडं आहे म्हणजे भाता होते,’’ बाबा म्हणाले. ‘‘मला घ्या खेळात. क्लास काय लिहायचा ते लिही.’’

डीएमने नियमांची वही उलटीपालटी केली. हजारो वर्षांची उडी आहे, म्हणाला. दान अशक्य ठेवलं : पाचही पांढरे, तेही लागोपाठ दोनदा. बाबांनी वाटी हलवली. दोन्ही वेळा पाचही पांढरे. बारावीतला पोरगा हजार चोवीसात एक असं पुटपुटला आणि पुन्हा जड बाजूबद्दल बोलायला लागला, पण त्याचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

आता गुहेत ए, बी, सी अशा तीन शिफ्ट लागल्या आहेत. जादूगाराचा सगळा गेरू भट्टीत गेला, त्यामुळे तो जनरल शिफ्टला भाता ओढतो. सेफ्टी ऑफिसर वीस रविवारांत नव्हता इतका खुशीत आहे. बार्बेरियनने ओव्हरटाइम मागितलाय, आणि डीएम हल्ली आपल्याच जगात काही करायचं झालं तर आधी बाबांना विचारतो.