अनोळखीच लागतात त्यांना

"काय हो वहिनी, गळ्यात कॅमेरा अडकवून भाऊजी सकाळीच कुठे निघाले?"

"मंडईत. हल्ली रविवारी न सांगता जातात. येताना भाजी विसरतात, तो भाग वेगळा. माणसांचे फोटो काढायला शिकतायत. तेही अनोळखी माणसांचे!"

"अगंबाई! आमच्या सत्यनारायणाला आले, तर प्रसाद घेऊन 'बरंय' एवढंच बोलून गेले होते."

"तेच तर. आता लिंबूवाल्या मावशींना किती नातवंडं, सगळं पाठ. कॅमेरा उचलला की माणूस आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखा ताठ होतो म्हणे. तो पहिला फोटो मावशींनाच दाखवायचा. 'काय म्हातारी दिसतेय' म्हणून त्या हसल्या की दुसरा घ्यायचा. खरा तोच."

"पण लांबलचक लेन्स असते ना? दुरून टिपलं तर कळतही नाही."

"तीच हवी होती यांना. शिकवणारे सर म्हणाले, पन्नासची साधी लेन्स घ्या. तिनं चेहरा भरून हवा तर चार-पाच फुटांवर जावंच लागतं. तिथून चोरून काय काढणार? आणि भर उन्हात नाही हं, भुवयांखाली काळे खड्डे पडतात. छपराच्या कडेला सावलीत उभं करायचं, तोंड उजेडाकडे. लेन्सचं छिद्र 1.8 वर ठेवलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो, म्हणून 2.8 वर. जेवताना रोज ऐकते ना मी!"

"भाजीवालीला एवढं काय विचारायचं? टिपायचा आणि निघायचं."

"हे त्यांच्यासमोर बोलू नका! लगेच अमेरिकेतली गोष्ट सुरू करतील. डोरोथिया लँग म्हणून फोटोग्राफर होती, सरकारी नोकरीत. 1936 साली कॅलिफोर्नियात, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. नाव नाही विचारलं. फोटो जगभर गेला आणि ती बाई कोण, हे कळायला 1978 उजाडलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिला त्यातून छदाम मिळाला नाही."

"अरेरे."

"आपल्याकडे तरी काय वेगळं? पालखीच्या मुक्कामाला हे नाना पेठेत गेले होते. एक वारकरी आजोबा दाढी करून घेत होते, गालांना साबण, आणि भोवती कॅमेरेच कॅमेरे. विचारलं एकानंही नाही. हे एकही फोटो न काढता चिडून घरी."

"आणि विचारल्यावर कोणी नाही म्हटलं तर?"

"नमस्कार करून पुढे. जे देतात त्यांना प्रिंट नेऊन द्यायची. एका हमालमामांनी तर प्रिंट परत केली! घामेजलेला चेहरा, सरांनी वाखाणलेला फोटो. मामा म्हणाले, असला नको, टोपी घालून काढा. इस्त्रीचा सदरा घालून आले दुसऱ्या दिवशी. हा फोटो सरांना मुळीच पटला नाही. मामांनी मात्र फ्रेम करून घरी लावला म्हणे. मला विचाराल तर मामांचंच बरोबर. चेहरा कुणाचा?"

"वहिनी, माझा एखादा काढतील का हो? नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेत सगळ्या आज्यांचे छापायचेत."

"माझाच अजून काढला नाही! तुम्ही असं करा, रविवारी मंडईत या. फक्त ओळख दाखवू नका."