मिंट कंडिशन

भावोजींचा फोन वाजला की पहिल्या तीन रिंगा पट्ट्याला अडकवलेल्या पाऊचचं बटण उघडण्यात जातात. चौथ्या रिंगेला आतलं मऊ फडकं बाजूला होतं, पाचवीला फोन बाहेर येतो, आणि तो कानाला लागेपर्यंत पलीकडच्यानं कंटाळून ठेवून दिलेला असतो. मग भावोजी ताईच्या फोनवरून त्याला उलटा फोन करतात. ताईच्या फोनची काच २०१९ पासून तडकलेली आहे. बाजारात त्याला शून्य किंमत, म्हणून घरात तो मोकळेपणानं वापरता येतो. कणीक मळताना, गच्चीवर वाळवण राखताना, भर पावसात भाजी आणताना तोच चालतो.

भावोजी मूळचे बेळगावचे. बंगळुरात येऊन बावीस वर्षं झाली, घर मल्लेश्वरमला, नोकरी सॉफ्टवेअरमधली. पुण्याहून माझी इथं बदली झाली तेव्हा पहिले चार महिने मी त्यांच्याकडेच राहिले, आणि आठवडाभरात लक्षात आलं की या घरात एक न दिसणारा माणूसही राहतो : भावोजींच्या फोनचा पुढचा मालक. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. पण त्याची बडदास्त जावयासारखी. "चार्जिंग ऐंशीच्या वर नको गं, पुढच्याला बॅटरी मिळायला पाहिजे की." "उताणा ठेवू नको, कॅमेऱ्याला चरे पडले तर पुढचा विचारेल." भाच्याला बारावीला किती टक्के पडले असं विचारलं तर भावोजी ताईकडे बघतात. बॅटरी हेल्थ मात्र तोंडपाठ. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या पाचशे पूर्ण चार्जनंतर ऐंशी टक्क्यांवर येतात आणि पंधरापासून पुढच्या हजारनंतर, असं खुद्द ॲपल सांगते. ऐंशी म्हणजे भावोजींच्या लेखी नापास. त्यांचा कुठलाच फोन चौऱ्याण्णवच्या खाली जाऊन घराबाहेर पडलेला नाही.

गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये फोनची खोकी असतात. ताईच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात. खोक्यात बिल, केबल, कुणीही कधी न वाचलेली माहितीपत्रकं, आणि सिमचा ट्रे उघडायची ती चिमुकली पिन, कागदाच्या खाचेत कंपनीनं जशी बसवली तशीच. ट्रे उघडायची वेळ आली की भावोजी ताईचं कानातलं काढून घेतात.

या वेडाचं मूळ त्यांच्या वडिलांच्या चेतकमध्ये आहे. त्या काळी बजाजची स्कूटर नोंदवली की हातात यायला वर्षंच्या वर्षं लागत, त्यामुळे रस्त्यावर आलेल्या जुन्या स्कूटरला कोऱ्या स्कूटरपेक्षा जास्त भाव यायचा. वडिलांनी तीन वर्षं चालवलेली चेतक शहापूरच्या एका कापडवाल्याला विकली, ती घेतल्या किमतीच्या वर. हा व्यवहार चालू असताना भावोजी दाराआड उभे होते, वय वर्षं नऊ. वस्तू वापरायची, पुसायची, आणि वर पैसे घ्यायचे. या एका दृश्यानं माणसाचं आयुष्य घडलं, किंवा ताईच्या मते बिघडलं. २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन आमंत्रण असलेल्यालाच मिळायचा. लोक नुसती आमंत्रणं विकायला लागले, तेव्हा भावोजींना वाटलं चेतकचे दिवस परत आले. ते काही आले नाहीत. नव्या फोनच्या खोक्याचं झाकण हळूहळू सरकताना जो उसासा ऐकू येतो, तो हवेचा नसून पाच हजार रुपयांचा असतो, असं ते अजूनही डोळे मिटून सांगतात.

त्यांचं शास्त्र ऐकायचं तर संपिगे रोडवर बाय-टू कॉफी घेऊन उभं राहायचं. अँड्रॉइड पहिल्या चार-सहा महिन्यांतच घसरतो, कारण कंपनी स्वतःच सूट द्यायला लागते. कोरा स्वस्त झाला की जुन्याला कोण विचारतो? आयफोन सावकाश उतरतो, कारण वर्षाला एकदाच नवा येतो, कधी येणार ते शेंबड्या पोरालाही माहीत, आणि पाच-सहा वर्षांच्या जुन्यालाही अपडेट मिळत राहतात. आता गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं एस २४ पासून सात-सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिलाय, असं मी एकदा म्हटलं. "सात वर्षं अपडेट मिळणं वेगळं, सात वर्षांनी गिऱ्हाईक मिळणं वेगळं," असं म्हणून त्यांनी कॉफीचा ग्लास फोनपासून हातभर लांब ठेवला.

पण शास्त्राचा गाभा म्हणजे वेळ. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ताईच्या दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी भावोजींच्या लाल खुणा असतात. ॲपलचा नवा फोन जाहीर होतो सप्टेंबरात, साधारण दुसऱ्या आठवड्यात. भाव पडतो तो फोन दुकानात आल्यावर नाही, जाहीर झाल्याच्या रात्रीच. त्यात तेव्हाच कुठंतरी पितृपक्ष लागतो, मराठी गिऱ्हाईक हात आखडतं. मग घटस्थापना, आणि तिच्या आगेमागे ऑनलाइनवाल्यांचे सेल. म्हणजे जुना फोन काढायचा तो श्रावण सरता किंवा गणपतीत. गौरी गेल्यानंतर ठेवलेला फोन म्हणजे शिळा मोदक.

वेळेचं महत्त्व पटवायला त्यांच्याकडे एक दाखला आहे आणि तो ऐकल्याशिवाय के. आर. मार्केटजवळच्या किल्ल्यावरून कुणाला पुढं जाता येत नाही. १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढं ते व्यंकोजीराजांकडं गेलं. व्यंकोजीराजे तंजावरला, एवढ्या लांबून बंगळूर राखणं जड. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी तीन लाखांना सौदा ठरला. "ठरला की! पण माल ताब्यात द्यायला वेळ लावला," भावोजी कळवळून सांगतात. १६८७ मध्ये मोगलांचा कासिमखान आला, शहर घेतलं, आणि त्याच गिऱ्हाइकाला, त्याच तीन लाखांत देऊन टाकलं. "गिऱ्हाईक आपण आणलेलं, भाव आपण ठरवलेला, पैसे कासिमखानाला!" सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या या नुकसानीचं त्यांना मनापासून दुःख आहे. बंगळूर मराठ्यांच्या हातून गेलं याचं नाही. भाव चांगला असताना गेलं नाही याचं.

गिऱ्हाइकाला भेटायची जागाही ठरलेली : मंत्री स्क्वेअर संपिगे रोड मेट्रो स्टेशन, तिकीट खिडकीसमोर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, स्कॅन केलात की पैसे जमा होतील' असं सांगणारा भेटला की भावोजी शांतपणे विचारतात, "पैसे घ्यायला स्कॅन कशाला करायचं असतं, मेजरसाहेब?" पलीकडून फोन बंद. मात्र खऱ्या गिऱ्हाइकांशीही त्यांचं फारसं जमत नाही. मुलगी बघायला आल्यासारखी माणसं येतात, पण इथं प्रश्न मुलीकडचे विचारतात. खिशात किल्ल्या ठेवता का? गाडी चालवताना फोन हँडलला लावता का? एका होतकरू मुलाच्या हातातला स्वतःचा फोन तडकलेला दिसला, तर त्यांनी सौदा तिथंच मोडला.

२०२५ च्या गणपतीआधीच्या शनिवारी ते मला एस. पी. रोडला घेऊन गेले. कागदोपत्री सदर पत्रप्पा रोड. वायरी, चार्जर, उघडी पडलेली मदरबोर्डं, आणि एका वेळी दीड माणूस जाईल अशा बोळी. विकायला काढला होता आयफोन १६, अकरा महिन्यांचा. गाळ्यातल्या पोरानं वर न बघता हात पुढं केला. "बॉक्स इदेया सार?" भावोजींनी खोकं असं काढलं, जसा देव्हाऱ्यातून बाळकृष्ण काढावा. पोरानं स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून नंबर आणला, खोक्यावरच्या नंबराशी जुळवला. पांढरा पडदा लावून चारी कोपऱ्यांत डाग शोधले. फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरून एक डोळा मिटला. स्पीकरला कान लावला, चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला. कुठंही काही सापडेना. माझी छाती उगाचच फुगली. मग त्यानं कॅलक्युलेटरवर आकडा मारून आमच्याकडे फिरवला : ४६,०००.

"लास्ट एष्टु?" भावोजींचा आवाज कापरा.

लास्ट तोच. शेजारी एक रिक्षावाला उभा होता, त्याच्या तशाच फोनच्या कडा खरवडलेल्या, खोकं हरवलेलं. त्याला ४४,५०० मिळाले. अकरा महिन्यांच्या तपश्चर्येची किंमत दीड हजार. महिन्याला एकशेछत्तीस रुपये, हे भावोजींनी गाळ्यातच काढलं.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, २००१ मध्ये तो नोबेलच्या मानकऱ्यांत होता. त्याचं म्हणणं असं की मालाची खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा चांगल्या मालालाही धास्तीनं कमीच भाव देतो. परतीच्या मेट्रोत मी हे भावोजींना सांगितलं, तेवढंच सांत्वन म्हणून. ते चुकून नॅशनल कॉलेजकडच्या उलट्या गाडीत बसल्यासारखे गप्प होते. मग एकदम ताठ झाले. "म्हणजे काय, तर फोन कसा वापरलाय हे ज्यानं डोळ्यांनी बघितलंय, त्यालाच विकायला पाहिजे."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मागं वळून बघता तो निबंध सांगायला नको होता. त्यांच्या हिशेबानं पंचावन्नचा फोन, घरचा भाव म्हणून ५४,०००. नवा ७९,९०० ला घेतलेला, त्यामुळे मलाही सौदा बरा वाटला. गौरी विसर्जनाच्या दिवशी, २ सप्टेंबरला, इकडे हेब्बाळच्या मॉलमध्ये ॲपलचं दुकान उघडलं आणि तिकडे मल्लेश्वरमला गौरीबरोबर फोनची पाठवणी झाली. ताईनं माझी ओटी भरली, भावोजींनी खोकं दिलं. पिन आत आहे, हे दोनदा सांगितलं.

पुढचे वीस दिवस भावोजींकडे नोकियाचा ११०० होता. २००३ चा हा टॉर्चवाला फोन जगात पंचवीस कोटी खपला, आणि त्यातला एक भावोजींच्या टेबलाच्या खणात अडीअडचणीला पडून असतो. दोन फोनांमधल्या या दिवसांत माणूस ओळखू येत नाही. फोन सोफ्यावर फेकतात, आंघोळीला नेतात, पहिल्या रिंगेला उचलतात. एकदा तर त्यांनी त्यावर डोसा खाता खाता, चटणीच्या हातानं, बेळगावच्या मित्राशी चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. ताई म्हणाली, हा महिना वर्षभर का नसतो.

९ सप्टेंबरला आयफोन १७ जाहीर झाला, सोळाची किंमत ६९,९०० वर आली. रात्री अकराला भावोजींचा फोन : "बघितलंस? दहा हजारांनी उतरला. आठ दिवस आधी सुटलो आपण!" आपण म्हणजे कोण, याचा मी विचार करत राहिले. १९ तारखेला, ऐन पितृपक्षात, हेब्बाळला सतराव्यासाठी रांगा लागल्या, आणि घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सेल सुरू झाला. कोरा, सीलबंद आयफोन १६, एक्कावन्न हजार नऊशे नव्व्याण्णव.

मी जाहिरात उघडूनच त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती वाचली आणि चेहरा उजळला. "हे बघ! म्हणून मी सांगतो गणपतीत विकायचा. तीन आठवडे थांबलो असतो तर चाळीसलाही कुणी घेतला नसता. ज्यानं कुणी चोपन्नला घेतला असेल तो..." इथं दोन घोट कॉफी झाली. मग ते हळूच म्हणाले, "पण तुझी बॅटरी शहाण्णव आहे." चिक्कदेवराजांना तीन लाखांत निदान शहर मिळालं होतं.

फोन मात्र मी वापरायला लागले. पहिल्या रविवारी कव्हर काढलं, कारण पिवळं पडलं होतं. टेम्पर्ड ग्लास काढली, कारण कडेला धूळ साचून पोट दुखल्यासारखी दिसायची. आणि दिवाळीच्या आठवड्यात आठव्या क्रॉसला, फुटपाथची एक फरशी एका बाजूनं वर आली आहे तिथं, पणत्यांची पिशवी सावरताना फोन हातून सुटला. मागची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तडकली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. फोन चालू होता. भाव गेला होता.

लपवण्यात अर्थ नव्हता. फराळाला गेले तेव्हा तो तसाच, उघडा, भावोजींसमोर ठेवला. ताईनं चकलीचं ताट हातातच धरून ठेवलं. भावोजींनी सवयीनं फडक्याकडे हात नेला, मग तो मागं घेतला. फोन नुसत्या बोटांनी उचलला. पालथा केला, उताणा केला. तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. तळहातावर ठेवून दोनदा वर-खाली तोलला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांना अकरा महिने कुणीतरी फसवत होतं.

"अगं," ते म्हणाले, "काय हलका आहे गं हा!"