बढती मिळालेली नदी

मुंबईहून मोटरबोटीने थेट चिपळूण गाठायचंय? कागदावर अगदी सोपं. २०१६च्या कायद्यात देशातले १११ राष्ट्रीय जलमार्ग आहेत. चिपळूणकडे नेणारा दाभोळ खाडी–वाशिष्ठी हा त्यातला २८वा, सुमारे ४५ किलोमीटरचा. नदीला बढती मिळाली, गाळाने मात्र बदली घेतलेली नाही. म्हणून नकाशाआधी पंचांग उघडा, तिथीवरून भरतीची वेळ काढा आणि चढत्या पाण्याबरोबरच आत शिरा. ओहोटीने गाठलं तर बोट चिखलात आणि काठावर प्रेक्षक म्हणून मगरी! (राष्ट्रीय दर्जाचं परिपत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं.) डिझेल निघतानाच भरा. पावसाळ्यात तर बेत आखूच नका. एकेकाळी चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्याला मालाची गलबतं लागत. तेव्हा हा जलमार्ग राष्ट्रीय नव्हता.