डोक्यावर मिरे वाटू नयेत

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये टीटन पास नावाचा ८,४३१ फुटांवरचा घाट आहे. इथल्या स्कीइंगला लिफ्ट नाही, तिकीट नाही, शिट्टी फुंकणारा वॉचमन नाही. उजाडायच्या आत गाडी लावायला जागा पटकावायची, स्की पाठीला बांधायच्या आणि माउंट ग्लोरीचा साडेसोळाशे फुटांचा चढ पायी चढायचा. माझ्या भाच्याला या तपश्चर्येचं वेड आहे. मी पार्किंगच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे नियम मला तोंडपाठ आहेत.

चढणाऱ्यांच्या बुटांनी बर्फात पडलेल्या पायऱ्या ही सार्वजनिक मालमत्ता. त्यांवरून घसरत उतरायचं नाही. मागचा दमदार असेल तर त्याला वाट द्यायची. लघुशंकेला मात्र वाटेपासून लांब जायचं. आसपासच्या डोंगरांवर स्कींच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून चढतात आणि माथ्यावर ते सोलून जाकिटात, छातीशी ठेवतात. वाटेत कुणी काय केलं, ते असं थेट हृदयापर्यंत पोचतं.

कोऱ्या बर्फावर पहिला हक्क वाट पाडणाऱ्याचा. त्यानेही रेघेला रेघ लावून उतरावं. श्रीखंडाच्या पातेल्यात मधोमध डाव फिरवणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही.

ताज्या बर्फाच्या दिवशी कुणी कुणाचा मित्र नसतो, असं स्कीवाले हसत म्हणतात. पण बर्फाखाली गाडलं गेल्यावर मोजकी मिनिटं हाती असतात, आणि तेव्हा बीकन नावाच्या सिग्नल यंत्राने शोधून फावड्याने उकरायला मित्रच लागतो. हिमकडे साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर कोसळतात. बळी घेणारे बहुतेक हिमकडे बळी गेलेल्या माणसाने किंवा त्याच्याच टोळीतल्या कुणीतरी मोकळे केलेले असतात. म्हणून एकेकाने उतरायचं आणि हिमकड्याच्या वाटेबाहेर थांबायचं.

खाली माणूस असताना वरून निघणं हा तर सर्वांत मोठा गुन्हा. माउंट ग्लोरीच्या ‘ग्लोरी बोल’ या उतारावरचा हिमकडा सुटला तर थेट घाटातल्या हायवेवर येऊ शकतो. तिथे शेजारच्या आयडाहो राज्यातून जॅक्सन गावाला कामावर निघालेला बिचारा कॉफी पीत गाडी चालवत असतो. त्याच्या डोक्यावर मिरे वाटण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

‘मामा, इथे पोलीस नाही, म्हणून तर नियम पाळायचे,’ भाचा म्हणाला. मला पटलं. तेव्हा निघण्याआधी खाली बघा, कुणी असेल तर थांबा. बर्फ कुठे पळून जात नाही. आणि पळालाच, तर तुम्हाला घेऊनच पळेल.