घंटावाले कार्यवाह

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमचे कार्यवाह तेव्हापासूनच घंटा घेऊन बसले असावेत, असं त्यांच्याकडे बघून वाटतं. माला मात्र आमच्या गावची, साधीच. कार्यवाहांच्या खिशात माईकवाल्याची पावती, कपाळावर कायमची आठी.

वक्त्याचं एकही मत त्यांना पटत नाही. नास्तिक आला की ‘छे, छे’, कीर्तनकार आला तरी ‘छे, छे’. मग बोलावता कशाला? ‘मला पटतं तेच ऐकायचं, तर घरी आरसा आहे.’

१९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि त्यांच्यादेखत अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. तेव्हा हे मंडपात होते म्हणे. महाराष्ट्रातले यच्चयावत कार्यवाह तिथं होते. मंडप केवढा होता, देव जाणे! २०१९च्या यवतमाळ संमेलनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, तेव्हा मात्र हे दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. सहगलबाईंचं एक पान वाचलेलं नाही. ‘वाढलेलं ताट उचलतात का कुणी?’ एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मला ते पुष्कळ वाटतं.

एकदा चार पोरं आली. उद्याचं व्याख्यान रद्द करा, भावना दुखावतील.

कार्यवाहांनी वही उघडली. ‘कुणाच्या?’

‘समाजाच्या.’

‘पत्ता सांगा, निमंत्रण पाठवतो.’

पोरं गोंधळली. तेवढ्यात फौजदारांचा फोन आला, पुढे ढकला म्हणून. ‘साहेब, बंदोबस्त तुमच्याकडे, व्याख्यान माझ्याकडे,’ म्हणून यांनी फोन ठेवला आणि पोरांच्या म्होरक्याकडे वळले. ‘गुरुवारचे वक्ते आजारी आहेत. तू बोल. पन्नास मिनिटं, मग प्रश्नोत्तरं. विषय लेखी दे.’

पन्नास मिनिटं ऐकून म्होरक्या पांढराफटक पडला. पण दोस्तांसमोर माघार कशी घेणार?

व्याख्यान ठरल्याप्रमाणे झालं. कंटाळवाणं होतं, भावना दुखावण्याइतकं कुणी जागंच नव्हतं. गुरुवारी म्होरक्या इस्त्रीचा शर्ट घालून आला. सतरा मिनिटांत सगळं बोलून संपलं. मागून पेन्शनर मंडळी ओरडली, ‘बस खाली!’ कार्यवाहांनी घंटा अशी बडवली की माईक किंचाळला.

‘कोण बोललं ते? त्याची अजून तेहतीस मिनिटं शिल्लक आहेत. हं, बोल रे तू.’

म्होरक्या दाराकडे बघत होता. दारात कार्यवाहांनी चहाचं टेबल आडवं लावलं होतं.