अजून चालतोय ना!

इंदूरच्या पलासियातल्या मराठी माणसाचं व्यवहारज्ञान बघायचं असेल, तर त्याच्या जुन्या मारुतीचं इंजिन उतरेपर्यंत थांबावं. बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं अशा हजारोंच्या यादीवर तो मुकाट मान डोलावतो. मिस्त्रीनं हळूच विचारलं, ‘भिया, क्लच प्लेट भी डाल दूँ?’ की मात्र होळकरांचा खजिना आपल्याच हवाली असल्यासारखा ताठ होतो. ‘अजून चालतोय ना!’

चालतोय, खरंच. पण क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. एरवी तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आज वाट मोकळी, म्हणजे मजुरी जवळजवळ फुकट. प्लेटचं अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलंय का, प्रेशर प्लेट तापून निळी पडलीय का, मागच्या सीलमधून तेल झिरपलंय का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. थकलेल्या इंजिनाला पुरणारी प्लेट ताज्या इंजिनाच्या जोरापुढे घसरू लागते. त्यात गाडी धावणार ए. बी. रोडवर, म्हणजे पलासिया चौराह्यावर अर्धा क्लच दाबून इंच इंच सरकणार.

प्लेट गेल्याच वर्षी घातली असेल, कोरडी असेल, तर खुशाल तीच ठेवावी. पण त्यासाठी ती बघावी लागते. आपल्याकडे निर्णय तत्त्वानं होतात.

मग काही महिन्यांत गिअरबॉक्स उतरतोच, मजुरी पुन्हा मोजली जाते आणि घरी जाहीर होतं: इंदुरात हल्ली प्रामाणिक मिस्त्रीच उरले नाहीत.